कागदावरची मावशी

"बाळाच्या कोण तुम्ही?" सिस्टरनं विचारलं.

लेक माझ्या खांद्यावर झोपली होती, सहा आठवड्यांची. २०२४ चा जून संपत आला होता, बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. तिची आई खाली रिक्षावाल्याला पैसे देत होती आणि लसीचं कार्ड माझ्या हातात होतं. मी म्हणाले, "मावशी."

"मावशी, पाय घट्ट धरा हं दोन्ही."

दोन्ही मांड्यांना सुया टोचल्या, मग तोंडात थेंब. लेक किंचाळली आणि मी तिला छातीशी धरून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा गेला तो त्या दिवशी. नंतर किती खिडक्यांवर गेला, ते मोजलं नाही. शब्द वाईट नाही. मला दोन सख्ख्या मावश्या आहेत, दोघींच्या अंगाखांद्यावर वाढले मी. 'माय मरो पण मावशी जगो' असं आपल्याकडे म्हणतातच. दवाखान्यात आयाबाईंनाही मावशीच म्हणतात, त्यामुळे तिथे तो शब्द ऐकून कुणी वळूनही बघत नाही. पण मी तिची मावशी नाही. मी तिची आई आहे.

गेल्या दोन वर्षांत ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या चार-पाच जोडप्यांनी मला विचारलं की तुम्ही दोघी बायकांनी मिळून मूल कसं केलंत, कुठे अडलात, कोणते कागद केलेत. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगते आणि दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. नावं कुणाचीच घालणार नाही. लेकीला इथे चिऊ म्हणते.

मी घणसोलीच्या गावठाणातली, आगरी. माझी जोडीदार ठाण्याची, नौपाड्यातली. ओळख झाली ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात.  २०१६ पासून आम्ही एकत्र राहतो, आधी कोपरखैरण्यात भाड्यानं आणि आता तिथेच स्वतःच्या घरात. घर तिच्या एकटीच्या नावावर आहे, कारण कर्जासाठी आम्ही ज्या बँकेत गेलो तिथे सहकर्जदार म्हणून रक्ताचं किंवा लग्नाचं नातं लागत होतं. हप्ता दोघी मिळून भरतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा आपल्यावरचा फास काढला, त्या संध्याकाळी आम्ही तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या, फारसं काही न बोलता. घरी सांगायचं बळ त्यानंतर आलं. माझ्या आयनं दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "तुज्या नावाला कोन ग बाय?"

हा प्रश्न बाहेरच्याला समजायला थोडं मागे जावं लागेल. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, आमच्या गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईला आंदोलन झालं, गोळीबारात आमची पाच माणसं गेली, त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका प्लॉट परत देण्याची योजना आली. माझे आजोबा त्या आंदोलनात होते. म्हणून आमच्याकडे पोर जन्मलं की आधी वारस म्हणून मोजलं जातं. गेलेल्या जमिनीतलं जे हातात आलं ते पुढे कुणाकडे जाणार, हा आमच्या घरांत रोज बोलला जाणारा विषय आहे. आयचा प्रश्न जिव्हारी लागला, पण तो द्वेषातून आलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मूल हवं हे आधी तिच्या मनात आलं, २०२१ मध्ये, तिचे वडील गेल्यानंतर. आम्ही पहिल्यांदा दत्तकाचाच विचार केला आणि तिथेच मोठी भिंत लागली. दत्तकाचं काम पाहणाऱ्या 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या नियमांत जोडप्याला मूल मिळायला निदान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य लागतं. आम्हाला लग्नच करता येत नाही, म्हणजे जोडपं म्हणून अर्जच नाही. एकटी बाई अर्ज करू शकते, मुलगा किंवा मुलगी कोणीही दत्तक घेऊ शकते. पण जून २०२२ मध्ये काराचं परिपत्रक आलं की जोडीदारासोबत लग्नाविना राहणाऱ्या व्यक्तीनं एकटी म्हणून केलेला अर्ज धरला जाणार नाही. म्हणजे अर्ज करायचा तर माझं या घरातलं असणं लपवायचं. समाजसेविका घर पाहायला येणार, कपाटं, झोपायची खोली पाहणार, शेजाऱ्यांशी बोलणार. भिंतीवरचे फोटो उतरवायचे, माझे कपडे घणसोलीला नेऊन ठेवायचे. आणि मूल घरी आल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी. काही जोडपी हे करतात. मी त्यांना बोल लावणार नाही, त्यांच्याकडे दुसरा रस्ता नसतो. पण ती म्हणाली, "ज्या दिवशी मूल घरात येईल त्या दिवशी तू घरात नसशील, तर मला ते मूल नको." विषय तिथे थांबला.

दोन पुरुषांचं याहून कठीण आहे आणि ते इथेच सांगते, कारण ठाण्यात आमचे दोन जवळचे मित्र या सगळ्यातून गेलेत. सरोगसीचा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात विवाहित जोडपं येतं, आणि ३५ ते ४५ वयाची विधवा किंवा घटस्फोटित स्त्री येते. बाकी कोणी नाही. पैसे देऊन सरोगसी केली तर पहिल्यांदा पाच आणि पुन्हा केली तर दहा वर्षांपर्यंत कैद. एकटा पुरुष दत्तक घेऊ शकतो, पण मुलगी नाही, फक्त मुलगा. त्यातल्या एकाला मुलगीच हवी होती, त्याच्या बहिणीच्या पोरींना त्यानंच वाढवलंय. आता तो घोडबंदर रोडवरच्या घरात एका मुलासाठी प्रतीक्षा यादीत आहे, एकटा म्हणून. दुसऱ्यानं वेगळं भाड्याचं घर घेतलंय. बारा वर्षांचा संसार दोन पत्त्यांवर.

आमच्यासाठी मार्ग उघडला तो सहाय्यक प्रजननाच्या कायद्यानं. तोही २५ जानेवारी २०२२ चाच. त्यात 'स्त्री' म्हटलंय, ती विवाहित असायलाच हवी असं म्हटलेलं नाही. वय २१ च्या वर आणि ५० च्या खाली. त्या एका शब्दावर आमची लेक जन्मली.

पण कायद्यात असणं वेगळं आणि दवाखान्याच्या टेबलावर असणं वेगळं. पहिल्या दवाखान्यात रिसेप्शनवरच पतीचं आधार कार्ड मागितलं. पती नाही म्हटल्यावर मुलगी आत जाऊन आली आणि म्हणाली, "मॅडम म्हणतात आम्ही सिंगल लेडीज करत नाही." दुसरीकडे डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. काही वाईट बोलले नाहीत, फक्त पुढची तारीख दिलीच नाही. तिसऱ्या डॉक्टर बाई वयानं मोठ्या. त्यांनी ड्रॉवरमधून कायद्याची प्रत काढली, आमच्यासमोर ते कलम वाचलं आणि म्हणाल्या, "कायद्यात बसतं. नोंद एकट्या स्त्रीची होईल. तुमचं नाव माझ्या कागदात कुठेच येणार नाही, हे आत्ताच समजून घ्या." त्यांच्या या सरळपणाचे उपकार मी विसरणार नाही. पुढचं वर्षभर मी प्रत्येक भेटीला त्या खोलीत बसले, दोन नंबरच्या खुर्चीवर. फाईलमध्ये मी नाही.

आमची एक इच्छा होती. बीज माझं, गर्भाशय तिचं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात अवघड काही नाही, बाहेरच्या देशांत दोन बायका असं करतात. डॉक्टरांनी मान हलवली. आपल्या कायद्यात दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं तर ती दाता असते, बँकेतून येते, वय २३ ते ३५, तिची ओळख उघड करत नाहीत, आणि जन्मणाऱ्या मुलावर तिचा काहीही हक्क राहत नाही. आपल्या माणसासाठी, नावानिशी बीज देता येत नाही. मी तेव्हा ३४ वर्षांची होते. बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडले. हक्क नसलेली दाता व्हायलासुद्धा मला मनाई होती.

तर बीज तिचं आणि गर्भाशयही तिचंच ठरलं. वीर्य बँकेतून आलं. दात्याच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस अशा तपासण्या झालेल्या असतात. त्याचं नाव आपल्याला कळत नाही आणि त्याचाही मुलावर हक्क नसतो. समुपदेशक बाईंनी फॉर्म पुढे केला. उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण. म्हणाल्या, "सहसा नवऱ्याशी जुळेल असं घेतात. तुम्हाला काय हवंय?" ती एक क्षणही थांबली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्याशी जुळेल असं." समुपदेशक बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि लिहिलं: सावळा वर्ण, बी पॉझिटिव्ह. पूर्ण प्रवासात कुणीतरी माझ्याबद्दल लिहिलेली तेवढीच एक ओळ.

दोन वेळा साधं आययूआय केलं, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, दोन्ही फसले. मग आयव्हीएफ, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं. रोज संध्याकाळी साडेआठला पोटात इंजेक्शन, ते मी द्यायला शिकले. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता आणि ती फिजिओथेरपिस्ट, तीच मला धीर देत होती. दहा दिवसांनी पोटावर निळे डाग, पायांत जडपणा, रात्री झोप नाही. एका संध्याकाळी माझी लोकल उशिरा आली आणि साडेआठची वेळ टळणार म्हणून घणसोली स्टेशनातूनच रिक्षा केली. बर्फाच्या डब्यात औषध ठेवून ती दारात उभी होती. आठ बीजं मिळाली, त्यातून तीन गर्भ धरले. गर्भ गर्भाशयात सोडतात त्याला ट्रान्सफर म्हणतात, पहिलं ट्रान्सफर फसलं. दुसरं ऑगस्ट २०२३ च्या शेवटी केलं. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट आला तो माझ्या मोबाईलवर, ऑफिसात. मी चार मजले जिन्यानं खाली उतरून गेटाबाहेर गेले आणि तिथून तिला फोन लावला. खर्चाचं सगळे विचारतात म्हणून सांगते, औषधं धरून आमचे साडेचार लाखांच्या वर गेले. माझे गळ्यातले दागिने त्यात गेले, आयनं स्वतःहून काढून दिले. तोवर ती नातवंडाची वाट बघायला लागली होती.

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाला मान्यता मागणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. तिला दहावा आठवडा होता, उलट्यांनी बेजार होती. दोघींनी रजा टाकली आणि मोबाईलवर न्यायालयाचं प्रक्षेपण लावलं. पाच न्यायमूर्ती. सरन्यायाधीश चंद्रचूड आधी वाचत होते. विवाहाची अट जोडप्यांना दत्तकापासून अडवते आणि ती टिकू शकत नाही, असं ते म्हणाले तेव्हा तिनं माझा हात इतका दाबला की नखं रुतली. न्यायमूर्ती कौल त्यांच्या बाजूनं होते. मग बाकीच्यांचं वाचन सुरू झालं आणि हळूहळू कळत गेलं की दोनाविरुद्ध तीन. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर तर पाचही जणांचं एकमत. दत्तकाचे नियम तसेच राहणार. न्यायमूर्ती भट बहुमतात होते, पण आधीच अशा घरांत वाढणाऱ्या मुलांना कायद्याचे लाभ मिळावेत याचा विचार सरकारनं आणि कारानं करावा, असं त्यांनीही म्हटलं. ते आमच्याबद्दल होतं. आमच्या पोटातल्या मुलाबद्दल होतं. ती उठून बाथरूममध्ये गेली, ओकली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "वरण-भात लाव." जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्या दिवशी आम्ही काही लावून बघत बसलो नाही, चिऊला दात येत होते.

कळा मे २०२४ मध्ये रात्री अकराला सुरू झाल्या. दोनच्या सुमारास बाळाचे ठोके कमी होऊ लागले, सिझर ठरलं. तिनं स्वतः संमतीपत्रावर सही केली, कायद्यानं तीच पुरते. तरी काउंटरवरच्या माणसाला नातेवाईकाची सही हवीच होती. मी चौकट धरून बघत उभी. तिची आई, मी त्यांना काकू म्हणते, आमच्याशी दोन वर्षं बोलत नव्हत्या. मी फोन केला. पाऊण तासात काकू नौपाड्याहून रिक्षानं आल्या, साडी उलटसुलट नेसलेली, केस मोकळे. सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तू पण कर ग." दोन वर्षांनंतरचे त्यांचे पहिले शब्द. त्या फॉर्मचा मी फोटो काढून ठेवलाय.

चिऊला कावीळ झाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवली. तिथे आत फक्त आई-वडील. आई टाके घेऊन दुसऱ्या मजल्यावर पडलेली. काचेतून मला तिची डोळ्यांवर पट्टी बांधलेली मूठभर आकृती दिसायची. दुसऱ्या रात्री पाळी बदलली आणि नव्या सिस्टरनं काही न विचारता मला गाऊन घालायला दिला. "वडिलांच्या जागी तुम्हीच ना? या, दूध पाजा." वाटीचमच्यानं पाजलं. तिच्या ओठांचा तो आवाज अजून ऐकू येतो.

ऑफिसात मला रजा नव्हती. तिला कायद्यानं सव्वीस आठवडे मिळाले. वडिलांसाठी आमच्या कंपनीत पाच दिवस आहेत, पण त्यासाठी पत्नी दाखवावी लागते. मी साठवलेली रजा वापरली आणि तिसऱ्या आठवड्यात कामावर गेले. पाचवीला आय आली. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि दूध यायला म्हणून मोरी माशाचं कालवण केलं. नौपाड्याच्या शाकाहारी घरातल्या माझ्या माणसानं ते डोळे मिटून वाटीभर खाल्लं. काकू अळिवाचे लाडू घेऊन आल्या होत्या. दोघी आज्या पहिल्यांदा समोरासमोर बसल्या, बाळाला मधे ठेवून. आय निरखत म्हणाली, "डोले तिच्या आयचे. पन रग तुजीच हाय."

जन्मनोंदणीची मला सगळ्यात धास्ती होती, पण ती सुरळीत झाली. जे हे करणार असतील त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ६ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अविवाहित आईला वडिलांचं नाव द्यायची सक्ती करता येत नाही. आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या सुधारित कायद्यात, जो १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे, एकल पालकाच्या आणि अविवाहित आईच्या मुलाचा स्पष्ट उल्लेख आहे. दोन्हींची प्रिंट बरोबर नेली होती. खिडकीवरचे काका वाचून म्हणाले, "असू दे, माहितीये," आणि वडिलांच्या जागी आडवी रेघ मारली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव येतं, तर आमच्या चिऊचं नाव, मग तिच्या आईचं नाव, मग आडनाव. पासपोर्टलाही वागळे इस्टेटच्या केंद्रात अडचण आली नाही, २०१६ च्या बदलांपासून तिथे एका पालकाचं नाव चालतं.

म्हणजे बघा, एकट्या आईसाठी रस्ता बराच साफ झालाय. अनेक बायकांनी लढून तो साफ केलाय आणि त्याचा फायदा आम्हाला मिळाला. अडतं ते दुसऱ्या आईपाशी. रकाने दोनच आहेत, आई आणि वडील. वडिलांचा रिकामा ठेवता येतो, पण तिथे मला बसता येत नाही.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकांबद्दल खुलासा आला की आपल्यासारख्या जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी नेमायला बंदी नाही. आम्ही त्याच महिन्यात वाशीला जाऊन खातं उघडलं. रेशन कार्डासाठी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, असंही केंद्रानं राज्यांना कळवलं. पण मूल या सगळ्यात कुठे नाही.

ते किती खरं आहे ते गेल्या ऑक्टोबरमध्ये कळलं. ती कामासाठी नाशिकला गेली होती. रात्री चिऊचा ताप चढला आणि माझ्या मांडीवरच तिला झटका आला. डोळे वर, हातपाय ताठ. तो एक मिनिट मी कधीही कुणाला सांगू शकणार नाही. शेजारच्या दादांनी गाडी काढली. डॉक्टरांनी लगेच उपचार केले, त्यात कुणी कागद मागितला नाही, हे मुद्दाम सांगते. पण दाखल करायची वेळ आली तेव्हा काउंटरवर पुन्हा तेच. "आई-वडिलांपैकी कोण आहे?" मी म्हणाले, मीच आहे. "आधारवर आईचं नाव दुसरं आहे." मी फोन लावून दिला, तिनं कसारा घाटातून, आवाज तुटत असताना, तीन वेळा सांगितलं की ही जे म्हणेल ते करा. पहाटे साडेचारला ती पोचेपर्यंत चिऊ निरीक्षणाखाली होती आणि मी तिच्या पलंगाशी 'सोबतची व्यक्ती' म्हणून बसले होते. चिऊ मला बाय म्हणते, आमच्यात आईलाही बाय म्हणतात. ग्लानीत ती दोनदा बाय म्हणाली. त्या तीन तासांत माझ्या डोक्यात एकच होतं. घाटात गाडीला काही झालं असतं तर? माय मरो पण मावशी जगो म्हणतात. मावशी जगली असती. पण पोर तिच्याकडे राहिली असती का?

महिनाभरात आम्ही ठाण्याला कोर्ट नाक्याजवळ एका वकील बाईंकडे गेलो. मी पहिलंच विचारलं, मी चिऊला दत्तक घेऊ शकते का? १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं अविवाहित स्त्री दत्तक घेऊ शकते हे मी वाचलं होतं. त्या म्हणाल्या, घेऊ शकता, पण दत्तक दिलं की जन्मदात्या घराशी मुलाचं नातं तुटतं. तुम्ही आई झालात की त्या आई उरणार नाहीत. एका वेळी एकच. आम्ही दोघी गप्प बसलो. चिऊ टेबलाखाली पेनाची टोपणं गोळा करत होती.

मग उरलं मृत्युपत्र. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, हाही १९५६ चा. त्यात आई आपल्या पश्चात मुलाचा पालक मृत्युपत्रानं नेमू शकते. पण ज्या ओळीच्या आधारानं तिला तो हक्क आहे, त्या ओळीत मुलासाठी शब्द आहे अनौरस. वकील बाईंनी तो हळूच वाचला. तिनं मसुदा हातात घेतला आणि विचारलं, "हा शब्द यात लिहावा लागेल?" नाही, म्हणाल्या, कलमाचा नंबर पुरेल. तरी तिचे डोळे भरले. ज्या पोरीसाठी दोघींनी एवढं सोसलं, जिला दोन घरं डोक्यावर घेऊन नाचली, तिला कायद्याच्या पुस्तकात हे नाव आहे. मला वाटतं मुलाला असं म्हणणं बंद व्हायला हवं, बाकी कायदे बदलायचे तेव्हा बदलोत. मृत्युपत्रातल्या पालकालाही कुणी कोर्टात आव्हान देऊ शकतं, तिथे मुलाचं हित बघून न्यायाधीश ठरवतात, हेही वकील बाईंनी लपवलं नाही. म्हणून मी आता सगळं जपून ठेवते. शाळेची, औषधांची बिलं माझ्या कार्डानं, लसीच्या तारखांना माझे मेसेज, आणि काकूंचं हातानं लिहिलेलं पत्र की माझ्या मुलीच्या पश्चात नात हिच्याकडेच राहावी. दाखल करण्यापुरतं एक अधिकारपत्रही नोटरी करून घेतलंय. त्यानं मी आई होत नाही, पण खिडकीवरचा माणूस शांत होतो.

दुसरं मृत्युपत्र माझं. मी काहीच न लिहिता गेले तर कायद्याला माझं मूल दिसत नाही. बाबांच्या माघारी साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधला जो हिस्सा मला आला, तो आय आणि भाऊ या दोघांकडे जाईल. मला तो चिऊला द्यायचा होता. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. वकील बाई म्हणाल्या, ज्याला न लिहिता मिळालं असतं तोच साक्षीदार असेल तर पुढे वाद राहत नाही. म्हणजे भाऊच.

त्याला सांगायला मी घणसोलीला गेले ते संध्याकाळी. तो अंगणात बाईक धूत होता. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं, कागद दाखवला. त्यानं ओल्या हातानं कागद धरला नाही, म्हणाला वाचून दाखव. वाचलं. तो पुन्हा बाईकवर पाणी मारायला लागला. बराच वेळ गेला.

"पोर आपलीच हाय ना?" तो म्हणाला. "मंग कनाला इचारतंस? कवा येऊ सांग."

पुढच्या सोमवारी तो शर्ट इस्त्री करून आला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आमच्या आधी अकरा नंबर होते. काकू, भाऊ, आम्ही दोघी आणि कडेवर चिऊ. नंबर आला तेव्हा एकेकाचा फोटो घेतला, अंगठे घेतले. भावानं सही केली, खाली तारीख घातली, आणि चिऊला माझ्याकडून घेऊन बाहेर वडापाव आणायला गेला.